ताव किती भिजले

माझ्या धाकट्या भावाचं रक्त थांबत नसे. हे सांगताना आमच्याकडची माणसं आवाज खाली आणतात. मी आणत नाही. ज्याचं रक्त होतं तो स्वतः भर बाजारात सांगत असे, मग मी कशाला कुजबुजू?

दुसऱ्या कुणाला खरचटलं तर घटकाभरात खपली धरते. त्याला धरत नसे. दाढी करताना लागलं तर संध्याकाळपर्यंत सदऱ्याची गळपट्टी लाल होई. गुडघा आपटला तर बाहेर थेंब नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा फुगे आणि आठ-आठ दिवस पाय सरळ होत नसे. हे अम्माच्या माहेराकडून आलं. तिचा एक भाऊ सुन्नतीनंतर गेला, दुसरा दात काढल्यावर. म्हणून तिने माझ्या भावाची सुन्नत होऊ दिली नाही. बिरादरीतली चार माणसं विचारायला आली तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "वर गेल्यावर त्याचा जबाब मी देईन. तुम्ही आपापले द्या." अम्मा रडकी होती, पण त्या दिवशी रडली नाही.

हा आजार पुरुषांना होतो आणि बायकांच्या हातून पुढे जातो. हे मला कुणी शिकवलं नाही. आजोळच्या तीन पिढ्या मी एका कागदावर मांडल्या, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि ज्याचं रक्त वाहत असे त्याच्यापुढे फुली मारली. सगळ्या फुल्या उजवीकडे पडल्या आणि प्रत्येक फुलीची आई त्याच घरची लेक निघाली. मग मी माझ्या मुलींच्या नावांकडे बघितलं आणि कागद घडी करून ठेवला. लपवला नाही. त्यांच्या लग्नाच्या वेळी काढून दाखवला.

आम्ही जुन्नरचे कागदी. जुनं गोणपाट, दोरखंड आणि चिंध्या भिजवून, कुटून, नदीवर धुऊन त्याचा लगदा करायचा आणि लगद्याचा कागद काढायचा, हा आमच्या मोहल्ल्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गिरणीचा कागद येऊ लागला तरी वहीवाले व्यापारी अजून आमचाच मागत. भावाच्या आजाराचं कारण मोहल्ल्यात असं सांगत, की आमच्या पणजोबांनी एकदा चिंध्यांत कफनाचं कापड घेतलं, त्याचा हा तळतळाट. शेजारची एक म्हातारी हे माझ्या तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, "खाला, त्याच कागदावर तुमच्या घरचे निकाह लिहिले गेले. मग तुमच्याकडे कसं कुणाचं रक्त वाहत नाही?" तिने आमच्या दारावरून जायचं सोडलं. वाट मोकळी झाली.

लिहायला-वाचायला मी भावामुळे शिकले. व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार करायला अब्बांना मराठी लिहिणारं माणूस हवं होतं. मास्तर भावाला शिकवायला घरी येत, पण तो निम्मा महिना अंथरुणावर. मास्तर येऊन परत जातात हे अब्बांना सहन होईना, म्हणून त्यांनी मला पाटी दिली. घरात आम्ही दखनी बोलत असू. लिहिते मात्र मराठीत, आणि घरातलं बोलणंही इथे मराठीतच देते आहे.

तर वही. भावाच्या रक्ताची मी एक वही ठेवत असे, ती कशी सुरू झाली ते सांगते. अम्माला सगळं रक्त सारखंच वाटे. जीभ चावली तरी ती ऊर बडवायची आणि दात पडून तीन दिवस रक्त वाहिलं तेव्हाही तेवढंच बडवलं. सगळ्याची सारखीच भीती बाळगली की खरी भीतीची वेळ कुठली ते कळत नाही. एकदा कागद उचलायच्या साच्याची काडी लागून भावाचं बोट कापलं. जवळ फडकं नव्हतं, म्हणून मी भिंतीवरून नुकताच उतरवलेला ताव घडी करून दाबला. उघडला तर वरचे दोन पदर लाल आणि खालचे कोरडे. म्हणजे हे मोजता येत होतं.

लगद्याच्या हौदातून साच्यावर उचललेला ताव भिंतीवर वाळला की तो कच्चा. त्यावर गव्हाची खळ चढवून गुळगुळीत दगडाने घोटला की पक्का, लिहिण्याजोगा. कच्चा ताव रक्त पितो, घोटलेला पीत नाही. माझ्या नवऱ्याने एकदा घाईत घोटलेला ताव हातात दिला. एकही पदर भिजला नाही म्हणून मी खूश, आणि रक्त कागदावरून ओघळून भावाच्या कोपरापर्यंत गेलेलं. तेव्हापासून त्याच्यासाठी कच्च्या तावांची वेगळी चळत ठेवली आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं सांगून टाकलं.

वेळ मोजायला घण होते. लगदा कुटायचा लाकडी घण पायाने दांडा दाबून उचलतात आणि सोडतात. मोहल्ल्यात ते दिवसभर चालत आणि त्यांची लय बिघडत नसे. तावाची आठ पदरी घडी जखमेवर धरायची, शंभर ठोके होऊ द्यायचे, मग उघडून पदर मोजायचे. तीन पदरांपर्यंत घरचं काम. त्यापुढे गेले तर अब्बांना हौदावरून बोलवायचं. आठही भिजले तर सरकारी दवाखाना. पुन्हा शंभर ठोके मोजायचे आणि पदर वाढले की घटले ते बघायचं. वहीत नोंदी अशा: "उजवा अंगठा, काटा काढला. पाच पदर. दुसऱ्या शंभराला तीन. तिसऱ्याला एक. जेवला." भाऊ घडी उघडायच्या आधीच विचारायचा, "आपा, आज पास का नापास?"

मी लग्न होऊन चार घरं पलीकडे गेले, तरी वही आणि भाऊ माझ्याकडेच राहिले. प्लेगमध्ये अब्बा गेले. हौद भावाने सांभाळला. तो बावीस वर्षांचा झाला होता. आजारी नसला की त्याच्यासारखा साफ ताव उचलणारा मोहल्ल्यात दुसरा नव्हता.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर तो कुकडी नदीवर लगदा धुवायला गेला आणि शेवाळावरून त्याचा पाय घसरला. पडला नाही. पण पाठीवरच्या ओझ्यासकट सावरताना कमरेला हिसका बसला. घरी आला तो जांघेत दुखतं म्हणत. मी बघितलं. कातडी कुठे फाटलेली नव्हती, सूज नव्हती. मी लिहिलं: "जांघेत दुखतं. ताव कोरडा. किरकोळ." दुसऱ्या दिवशी पहाटे नवऱ्याबरोबर बैलगाडीत कागदाचे गठ्ठे घालून घोडेगावच्या पेठेला गेले.

ही माझी चूक. सुजलेला गुडघा डोळ्यांना दिसतो. जांघेच्या आत, पोटाच्या मागे जे साचतं ते दिसत नाही. मी कागद्याची लेक. जे कागदावर उमटलं नाही ते झालंच नाही असं धरून चालले.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. वेशीपाशी मी गाडीतून उतरले, कारण मला काहीतरी खटकलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. दहा पावलांवर कळलं. घण बंद होते. मोहल्ल्यात भरदिवसा घण थांबतात ते मयतीला.

मी धावले. दाराशी चपला होत्या, आतून रडणं येत होतं, आणि त्या रडण्याच्या वरून माझ्या भावाचा आवाज आला, "अम्मा, थोडं हळू रड. माझं डोकं उठलं."

तो चटईवर होता. उजवा पाय पोटाशी घेतलेला. चेहरा कच्च्या तावासारखा. कपाळावर गार घाम. जांघेत मुठीएवढा फुगारा आला होता. शेजारी कढत पाण्याचं भांडं, कडुनिंबाचा पाला, आणि आमचा न्हावी दगडावर हत्याराला धार लावत बसलेला. हा न्हावी हाताचा हलका होता, अर्ध्या जुन्नरची गळवं त्याने फोडली होती.

"आलीस?" भाऊ म्हणाला. "अम्माने सकाळपासून माझ्याकडून मरणाआधी मागतात तशी सगळ्यांची माफी मागून घेतली. आता माफी मागायला मोहल्ल्यात कुणी उरलं नाही."

"लई पिकलंय आपा," न्हावी म्हणाला. "आज फोडलं न्हाई तर आत उतरंल."

"हात लावून बघितलं?"

"बघितलं की."

"गरम लागलं?"

त्याने फुगाऱ्याला पुन्हा बोट लावलं. "तसं गरम न्हाई."

"तुमच्या हातून इतकी गळवं गेली. पिकलेलं एकतरी गार होतं का?"

तो हत्याराकडे बघू लागला. तेवढ्यात दवाखान्याचे डॉक्टर आले. अम्माने त्यांनाही बोलावणं धाडलं होतं. त्यांनी फुगाऱ्यावर दोन बोटं ठेवली, पाय सरळ करायला गेले तसा भाऊ ओरडला. ते म्हणाले, "आत पू आहे. चिरावं लागेल. न्हाव्यापेक्षा माझ्या हातून झालेलं बरं." आणि पेटी उघडली.

मी भाऊ आणि पेटी यांच्या मध्ये जाऊन बसले. कमरेची वही काढली आणि वाचायला लागले.

"बाई, ही रोजनिशी वाचायची वेळ आहे का?"

"हीच आहे. ऐका. 'दात पडला. आठ पदर, तीन दिवस.' 'दाढी करताना हनुवटी. चार पदर.' 'काटा काढला. पाच पदर.' डॉक्टरसाहेब, एका काट्याला पाच. तुम्ही वीतभर चिराल. मला सबंध दस्ता लागेल, आणि दस्ता संपायच्या आत हा संपेल. हा पू नाही. हिसका बसला त्या दिवसापासून आत रक्त साचतं आहे."

"आणि पू असला तर? न चिरता गेला तर?"

"तर माझ्यामुळे गेला असं लिहा. चिरून गेला तर कुणामुळे लिहाल?"

अम्मा कोपऱ्यातून म्हणाली, "हट्ट नको करूस, पोरी. तूच किरकोळ लिहून गेलीस ना?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. ती खरं बोलत होती.

"लिहून गेले," मी म्हटलं. "रक्त नाही म्हटलं ही माझी चूक झाली. आता पू आहे म्हणणं ही तिच्यावरची दुसरी होईल. पहिली माझी, ती मी भोगीन. दुसरी होऊ देणार नाही."

"आपा," भाऊ डोळे मिटून म्हणाला, "तू बस तिथेच."

मग मी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगितल्या. फुगाऱ्याच्या कडेने मी शाईची रेघ मारते. मांडीला दोरा गुंडाळून गाठ मारते, घेर वाढला तर कळेल. नाडी मोजते. ताप चढला, किंवा दिवस मावळेपर्यंत फुगारा वाढायचा वेग कमी झाला नाही, तर चिरा, मी दार उघडून देईन. वेग कमी झाला तर चिरायचं नाही. त्यांनी काचेची नळी लावून ताप बघितला. नव्हता. ते न्हाव्याला म्हणाले, "तुम्ही इथे थांबा. ताप आला तर मला बोलवा." दवाखान्यात माणसं खोळंबली होती, ते गेले.

मी बोरू घेतला. फुगाऱ्याच्या कडेने रेघ ओढली, मांडीला दोरा बांधला. आणि मोजायला बसले तर मोजायला काहीच नव्हतं, कारण बाहेर सगळं गप्प.

मी उंबऱ्यात आले. शेजारचे दोघे-तिघे भिंतीशी टेकून उभे होते, माना खाली घालून.

"घण का बंद आहेत?"

"अदब म्हणून, आपा," एक जण म्हणाला.

"अदब मेलेल्याची करतात. हा जिवंत आहे. घण चालू करा."

"आपा, लोक काय म्हणतील? घरात असं आणि आम्ही कुटत बसायचं?"

"म्हणतील कागदी आहेत, कागद करतात. मला ठोके हवेत. तुम्हाला त्याच्यासाठी काही करायचं असेल तर एवढंच करा, आणि लय मोडू नका."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग पलीकडच्या घरातून पहिला ठोका पडला.

दहा ठोक्यांत नाडी चाळीस, एरवीपेक्षा बरीच जास्त. खालची पापणी ओढून बघितली, पांढरी. पायाखाली गोणपाटाची उशी दिली, पाय जसा वाकलेला होता तसाच. मडक्यातल्या गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, चोळायचं नाही. घड्या पिळायला न्हावी बसला. त्याने हत्यार आधीच गुंडाळून ठेवलं होतं.

पहिल्या हजार ठोक्यांनंतर फुगारा रेघेच्या दोन बोटं बाहेर आला. अम्माने ते बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. न्हावी म्हणाला, "वाढलंय की वो." मी दुसरी रेघ मारली. एका रेघेवरून काही ठरत नाही. दोन रेघांमधलं अंतर कळतं. तीन रेघा झाल्या की वेग कळतो. तोपर्यंत दम धरायचा, आणि दम धरणं हे सगळ्यात अवघड काम आहे हे मी कुणालाही सांगेन. मांडीवरचा दोरा कातडीत रुतला होता. तो सोडून सैल बांधला आणि दोऱ्यावर जुन्या गाठीच्या जागी शाईचा ठिपका ठेवला.

दुसऱ्या हजाराला एक बोट.

"आपा," भाऊ म्हणाला, "माझ्या अंगावर रेघा मारून मारून तू मला वहीच करून टाकलंस."

"बोलू नकोस. नाडी चुकते."

"मांडी बधिर झाली आहे. दुखतं ते वर, आणि मांडी माझी नाहीच."

ते लिहून ठेवलं. तिसऱ्या हजाराला अर्धं बोट. चौथ्याला रेघ आणि कड एकमेकींवर आल्या. दहा ठोक्यांत नाडी तेहतीस. ताप नव्हता. कपाळाचा घाम वाळला आणि त्याने पाणी मागितलं. न्हाव्याने त्याची मान हाताने उचलली आणि पाजलं. "न्हाई वाढलं बरं का ह्या टायमाला," तो अम्माला म्हणाला, जसं काही त्यानेच थांबवलं होतं. म्हणू दे. त्याचे हात दुपारभर पाण्यात होते.

दिवस मावळताना डॉक्टर आले. चार रेघा बघितल्या. त्यांची बोटं त्या रेघांवरून बाहेरून आत गेली, आतून बाहेर आली. नळी लावली. पेटीला हात घातला आणि परत काढला. "उद्या बघू," म्हणाले.

आठवड्याने जांघेपासून गुडघ्यापर्यंत कातडी काळीनिळी झाली, मग हिरवी, मग पिवळी. पू असा रंग बदलत नाही. ज्याला शंका होती त्याला मी पांघरूण बाजूला करून दाखवलं. चाळीस दिवस तो अंथरुणावर होता. पाय पुरता सरळ झाला नाही. तो एका बाजूला झुकून चालतो, आणि हौदाजवळ उभं राहणं जमत नाही म्हणून बसून कागद घोटतो. लोक म्हणतात, तेव्हाच चिरलं असतं तर पाय सरळ झाला असता. खरं आहे. कबरीत सगळ्यांचे पाय सरळच असतात.

वहीचं पहिलं पान मी फाडलं आणि नव्याने लिहिलं. आधी किती हे विचारायचं नाही, आधी कुठे. डोकं, मान, घसा, पोट, जांघ यांपैकी असेल तर ताव कोरडा असला तरी मोठंच धरायचं. मग वेग. मग पापणी आणि नाडी. ताव सगळ्यांत शेवटी.

पण एक काम राहिलं होतं. मी घोडेगावला असताना, किंवा मी नसताना, याला पुन्हा असंच झालं तर माणसं उचलून कुठे नेणार? दवाखान्यात. तिथे काय लिहिलं आहे ते मला बघायचं होतं. मी गेले. डॉक्टरांनी जाडजूड बुक काढलं. सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, वाचून मराठीत सांगा.

त्यांनी सांगितलं, "जांघेतलं गळू. आपोआप बसलं."

"गळू नव्हतं."

"बाई, बसलं ना? बरा झाला ना? मग झालं तर."

"उद्या तुमची बदली होईल. नवे डॉक्टर हे वाचतील. याला मागेही गळू झालं होतं म्हणतील आणि चिरतील. ते दुरुस्त करा."

"सरकारी बुकात खाडाखोड होत नाही."

"खाडाखोड नको. खाली जागा आहे, तिथे लिहा."

ते म्हणाले, बायकांच्या सांगण्यावरून लिहायला सरकारी बुक म्हणजे काही घरचं पत्र नाही. मी म्हटलं बरं, आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. पहिल्या पायरीवर, जिथून सगळ्यांना जावं लागतं. डिंगोऱ्याहून आलेली एक बाई म्हणाली, "काय वो, दुखतंय का कुठं?" मी तिला सगळं सांगितलं. मग तिच्या मागच्या माणसाला सांगितलं. जो येईल त्याला पहिल्यापासून सांगितलं, न कंटाळता, जांघ, रेघा, चार हजार ठोके, आणि बुकात काय लिहिलं आहे ते. दुपारपर्यंत पायरीवर आत जाणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त झाले.

कंपाउंडर बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब बोलवतात."

बुक उघडंच होतं. डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली. मी म्हटलं, ही मला वाचता येत नाही, मला येईल अशी लिहा. त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि त्याखाली बाळबोध अक्षरांत लिहिलं: या माणसाचे रक्त थांबत नाही. सूज आल्यास चिरू नये.

मी ते दोनदा वाचलं. मग म्हटलं, "'चिरू नये'च्या खाली रेघ मारा."

त्यांनी मारली.